शाहू स्टेडियम वाढवायचं तर आधी दारं मोजा

पाटाकडील आणि दिलबहार, प्रॅक्टिस आणि खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ आणि बालगोपाल अशा फुटबॉल संघांच्या जोड्या लागल्या की कोल्हापूरचं शाहू स्टेडियम पुरत नाही. गॅलरी भरते, पायऱ्यांमधल्या जाण्यायेण्याच्या वाटाही भरतात, आणि मॅच संपली की चर्चा त्याच मुद्द्यावर येते: स्टेडियम मोठं करा, वरचा मजला चढवा, गॅलरी वाढवा. फुटबॉलवर एवढं प्रेम करणारं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही, त्यामुळे या मागणीत काही गैर नाही. स्टेडियम वाढलं पाहिजे, असंच आमचंही मत आहे. पण गॅलरीच्या पायऱ्या हे वाढीचं शेवटचं काम आहे. पहिलं काम दारांचं, दुसरं दाराबाहेरच्या रस्त्याचं आणि तिसरं पेठांच्या सरावाच्या मैदानांचं. हा क्रम उलटा झाला तर वाढलेलं स्टेडियम खेळाडूंच्या उपयोगाचं राहणार नाही आणि शेजाऱ्यांना जाच होईल. वाईट दिवस आला तर ते जिवावरही बेतेल.

स्टेडियममध्ये किती माणसं मावतात, हा प्रश्न आपण नेहमी गॅलरीकडे बघून सोडवतो. शंभर मीटर लांबीची एक पायरी घ्या. माणशी ५० सेंटिमीटर जागा दिली तर तिच्यावर २०० जण बसतात. दाटीवाटीनं, माणशी ३५ सेंटिमीटरवर कोंबले तर २८५ होतात. पायरी तीच, आकडा चाळीस टक्क्यांहून अधिक फुगला. म्हणून जिथं या विषयाचा नीट अभ्यास झाला, तिथं क्षमता अशी मोजत नाहीत. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९७१ साली जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण गेले. त्यानंतर ब्रिटनने १९७३ मध्ये मैदानांसाठी सुरक्षा मार्गदर्शिका काढली. तिच्यातला हिशेब साधा आहे. चार आकडे वेगवेगळे काढायचे: सुरक्षितपणे किती बसू शकतात, एका तासात किती आत येऊ शकतात, सामना संपल्यावर आठ मिनिटांत किती बाहेर पडू शकतात, आणि आणीबाणीत किती जणांना सुरक्षित जागी नेता येतं. या चारांतला सर्वांत लहान आकडा हीच मैदानाची क्षमता.

हा हिशेब शाहू स्टेडियमला लावून बघण्यासारखा आहे. समजा, २०,००० प्रेक्षकांचं उद्दिष्ट ठेवलं. हा आकडा केवळ उदाहरणासाठी. सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात असं धरतात, जिन्यावरून ६६. आठ मिनिटांत एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेतून ६५६ माणसं जातील, तेवढ्याच जिन्यातून ५२८. म्हणजे २०,००० जणांना सपाट वाटेनं बाहेर काढायला साधारण साडेतीस मीटर दार लागतं, जिन्यानं काढायचं तर अडतीस. तीन मीटरचं एक दार धरलं तरी अकरा दारं झाली. त्यातलं एक ऐनवेळी बंद पडलं, त्याच्यापुढं गाडी लागली किंवा मारामारी झाली तर काय, म्हणून आणखी एक. अशी बारा दारं मैदानाच्या सगळ्या बाजूंना समान वाटलेली हवीत, आणि मॅच सुरू असताना एकालाही कुलूप असता कामा नये. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. रेटा आला की आत उघडणारं दार माणसांच्या अंगानंच दाबून बसतं, मग कडी काढूनही हलत नाही.

आत येण्याचं गणितही असंच आहे. एकेकालाच आत सोडणाऱ्या, नीट चालणाऱ्या फिरत्या फाटकातून तासाला ६६० माणसं आत येतात, असं धरून चालतात. २०,००० जण शेवटच्या तासात आले तर ३१ फाटकं लागतात. आपल्याकडं हाती तिकीट फाडायचं, खिसे तपासायचे, पाण्याची बाटली बाजूला ठेवायची, म्हणजे वेग याहून कमीच. मोठी मॅच साधारण चारच्या सुमारास सुरू होते आणि गर्दी साडेतीननंतर लोटते. बाहेर हजार-दीड हजार माणसं अडकून राहतात आणि आतून शिट्ट्यांचा आवाज येतो, तेव्हा रेटारेटी सुरू होते. ४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले ते गॅलरीत नव्हे, फाटकांबाहेर. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला बाहेरची गर्दी सैल करायला एक मोठं दार उघडलं गेलं आणि तो लोंढा आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरला. त्या घटनेतल्या मृतांची संख्या ९७ आहे. बाहेरची गर्दी आत घेतली की प्रश्न सुटला, असं समजणं किती महाग पडतं, हे त्या दुर्घटनेनं दाखवलं.

२०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक कोल्हापूरकरांना चांगला आठवतो, कारण भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. त्याच स्पर्धेसाठी कोचीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमची क्षमता २९,००० वर आणली गेली. एरवी त्या मैदानात याच्या दुपटीहून जास्त गर्दीही होत आली होती. गॅलरी पाडली नव्हती, पायऱ्याही कमी केल्या नव्हत्या. सुरक्षितपणे बाहेर काढता येतील एवढेच लोक आत घ्यायचे, हा त्यामागचा निकष होता. केरळसारख्या फुटबॉलवेड्या राज्यानं हे मान्य केलं, यात कमीपणा नाही. आपल्याकडं मात्र क्षमता वाढली की अभिमान आणि कमी केली की अपमान, अशी भावना आहे. ती आधी सोडायला हवी.

कोल्हापुरातली एक गोष्ट या हिशेबात वेगळी धरावी लागते. इथं प्रेक्षक सुटे येत नाहीत, पेठेनं येतात. मावळत्या उन्हात मॅच संपते तेव्हा एका बाजूला जिंकलेली पेठ असते, दुसऱ्या बाजूला हरलेली, आणि दोघांची घराकडची वाट पुष्कळदा एकाच चौकातून जाते. हुल्लडबाजी आणि दगडफेकीमुळं सामने थांबवण्याची वेळ या शहरावर आली आहे. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या समर्थकांत गॅलरीतच जुंपली आणि १६ जण प्राणाला मुकले. इंडोनेशियातल्या कांजुरुहान मैदानावर १ ऑक्टोबर २०२२ ला पोलिसांनी गॅलरीत अश्रुधूर सोडला, लोक अरुंद आणि काही ठिकाणी बंद असलेल्या दारांकडं पळाले, आणि १३५ जणांचा जीव गेला. मारामारीपेक्षा मारामारीवरच्या घाईच्या उपायानं जास्त माणसं मारली.

म्हणून शाहू स्टेडियमच्या कुठल्याही आराखड्यात दोन समर्थक गटांची दारं आणि बाहेरचे रस्ते पहिल्यापासून वेगळे काढलेले असावेत. गॅलरीच्या मध्ये दहा-बारा मीटरचा रिकामा पट्टा, दोन्हीकडं स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पाणी, म्हणजे पाण्याला जातानाही गाठ पडू नये. हरलेल्या बाजूला आधी सोडायचं की जिंकलेल्या, हे मॅचच्या आधी ठरलेलं आणि दोन्ही मंडळांना सांगितलेलं हवं. रस्ता कुठपर्यंत वेगळा ठेवायचा, हे स्टेडियमच्या भिंतीपाशी ठरत नाही. दोन पेठांची वाट जिथं फुटते त्या चौकापर्यंत तो वेगळा राहायला हवा. आठ मिनिटांत सगळे बाहेर, हे उद्दिष्टही त्यामुळं बदलतं. एका गटाला पंधरा मिनिटं आत थांबवायचं असेल, तर तेवढा वेळ उभं राहायला जागा, सावली आणि पाणी लागतं. याचा खर्च आराखड्यात नसेल तर पोलीस काठीनं ती उणीव भरून काढतील, आणि मग दोष कुणाचा यावर आठवडाभर वाद होईल.

बाहेरचा रस्ता हा त्या दारांचाच पुढचा भाग आहे. पाच हजार माणसं वाढवली तर मॅच संपल्यावर ती कुठंतरी उभी राहणार. चौरस मीटरला दोघं, अशी बऱ्यापैकी सैल गर्दी धरली तरी २,५०० चौरस मीटर जागा लागते. नऊ मीटर रुंदीचा रस्ता असेल तर सुमारे २८० मीटर लांबीपर्यंत तो भिंतीपासून भिंतीपर्यंत भरला. आणि ही फक्त वाढीव गर्दी. स्टेडियमच्या भोवतालचा परिसर जुन्या पेठांचा: बोळ, दारात लावलेल्या दुचाकी, पुढं आलेले कट्टे, गटारीवरच्या फरश्या. त्यात शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या भाविकांच्या गाड्या बिंदू चौकापर्यंत दाटलेल्या असतात. सीपीआर रुग्णालयाकडं जाणारी रुग्णवाहिकाही याच भागातल्या रस्त्यांवरून वाट काढते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा जीवितहानी झाली नाही हे मोठं नशीब. नाट्यगृह, खासबाग आणि स्टेडियम एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मॅच सुटण्याच्या वेळी अशी आग लागली तर अग्निशमनचा बंब कुठल्या रस्त्यानं येणार, हा प्रश्न काल्पनिक नाही. किमान एक रस्ता मॅचच्या संपूर्ण वेळेत पूर्ण मोकळा, पार्किंगशिवाय, फेरीवाल्यांशिवाय ठेवावा लागेल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आहेच; त्याचं प्रमाणपत्र हा कागद न राहता बंब प्रत्यक्ष आणून बघण्याची चाचणी व्हायला हवी.

पार्किंगचा हिशेब तर कुणी करतच नाही. एका दुचाकीला फिरवायच्या जागेसह तीन चौरस मीटर धरा. सहा हजार दुचाकींना १८,००० चौरस मीटर लागतात, म्हणजे अडीच फुटबॉल मैदानं. एवढी जागा पेठांत नाही, आणि ती काढण्यासाठी घरं पाडणं हा उपाय असूच शकत नाही. आपलं सुदैव की कोल्हापूरचा प्रेक्षक अजून पायी येतो. शिवाजी पेठेतून, मंगळवारातून, जुना बुधवारातून माणूस चालत मैदानावर येतो आणि चालतच परत जातो. ही सवय टिकवणं हे हजार गाड्यांचं पार्किंग बांधण्यापेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचं आहे. लांबून येणाऱ्यांच्या गाड्या दसरा चौकासारख्या ठिकाणी अडवून तिथून पायी सोडायचं, एवढंच करावं.

यावर काही जण म्हणतात, मग स्टेडियमच शहराबाहेर न्या, हायवेला. मोकळी जागा, मोठं पार्किंग. हा विचार वरवर सोपा वाटतो, पण तो कोल्हापूरच्या फुटबॉलचा जीव घेईल. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबनं २०१६ मध्ये शंभराहून अधिक वर्षांचं आपलं जुनं मैदान सोडलं आणि ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या स्टेडियमात गेला. जागा मोठी मिळाली, पण जुन्या मैदानाजवळच्या रस्त्यावरच्या खाणावळी आणि दुकानांचा मॅचच्या दिवसाचा धंदा गेला आणि समर्थकांची कुरकुर वर्षानुवर्षं चालू राहिली. आपल्याकडं तर हद्दवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतो आहे. शहराबाहेर गेलं की जागा कुणाच्या हद्दीत, पाणी कोण देणार, बस कोण सोडणार, इथून सुरुवात. आणि ज्या पोराला चहाच्या पैशात मॅच बघता येते, त्याला पेट्रोल घालून जावं लागलं तर तो मोबाईलवरच बघेल. मैदान पेठांच्या मधोमध आहे, हीच त्याची ताकद आहे.

उलट, जागेवरच वाढ करताना शेजाऱ्यांचं काय होतं, याचा धडा लिव्हरपूलनं दिला. ॲनफिल्ड मैदानाची वाढ करायची म्हणून क्लबनं नव्वदच्या दशकापासून आजूबाजूची घरं विकत घेतली आणि त्यांतली बरीच रिकामी ठेवली. योजना बदलत राहिली, वर्षं गेली. रिकाम्या घरांमुळं गल्ली ओस पडली, उरलेल्या रहिवाशांच्या घरांची किंमत घसरली, आणि नवी मुख्य गॅलरी उभी राहायला २०१६ उजाडलं. कागदावर कुणाचं घर जबरदस्तीनं घेतलं नव्हतं, तरी गल्ली मेली. आपल्याकडं विस्ताराची चर्चा सुरू झाली की दलाल आधी पोचतात. म्हणून आराखडा जाहीर करताना कुठल्या मिळकतीला हात लागणार आणि कुठल्या कधीच लागणार नाहीत, हे नकाशावर एकाच दिवशी जाहीर झालं पाहिजे. ‘पुढं बघू’ या दोन शब्दांनी एखादी गल्ली वीस वर्षं ओस पडू शकते.

आता प्रत्यक्ष बांधकामाकडं. जुन्या गॅलरीवर नवा मजला चढवण्याची कल्पना सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याची. जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड आत आत मुरत जातो, त्यानं सळईचं गंजापासून होणारं संरक्षण जातं. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सोडवते. हे तपासायचं तर काँक्रीटचा गाभा कापून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन टाकतात. जिथं गुलाबी रंग येतो तिथं काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय. जिथं रंग येत नाही तिथं ते संरक्षण गेलंय. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल तर वर काही चढवायचा विचार सोडायचा. नुसता हातोड्यासारखा ठोका मारणारा रिबाउंड हॅमर वरच्या थराचा कडकपणा सांगतो, आतलं नाही. तेवढ्यावर प्रमाणपत्र देणारे असतात, त्यांच्यापासून सावध राहावं. गाभ्याची ताकद, अल्ट्रासोनिक चाचणी आणि सळईच्या गंजाची विद्युत चाचणी या तिन्ही बरोबर हव्यात.

भारही साधा नाही. प्रेक्षागारासाठी चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो, चलभार (माणसांचा, हलता भार) धरण्याची पद्धत आहे. पण फुटबॉलचा प्रेक्षक बसून राहत नाही. गोल झाला की हजार माणसं ढोलाच्या ठेक्यावर एका तालात उड्या मारतात. हा ताल सेकंदाला दोन-तीनच्या आसपास असतो. गॅलरीची स्वतःची कंपनगती त्याच्या जवळपास किंवा त्याच्या दुपटीच्या जवळ आली की हादरा वाढत जातो. म्हणून नव्या गॅलरीची उभी कंपनगती सेकंदाला सहाच्या वर असावी, असा दंडक आहे. जुन्या खांबांवर लांब पल्ल्याच्या तुळया टाकून वरचा मजला केला तर नेमकी हीच गोष्ट बिघडते. आणि सणासुदीला मंडपवाल्याकडून बांधून घेतल्यासारखी तात्पुरती गॅलरी तर नकोच. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ च्या मार्चमध्ये एका स्थानिक फुटबॉल सामन्यात अशीच गॅलरी कोसळून सुमारे दोनशे जण जखमी झाले.

पायाखालची जमीन हा कोल्हापूरचा खास प्रश्न. जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थाची मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि स्टेडियमजवळचं रावणेश्वराचं मंदिर त्या नावाच्या तळ्याची खूण सांगत उभं आहे. बुजवलेल्या तळ्याच्या परिसरात वर भराव, खाली गाळ, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, असे थर दहा-पंधरा मीटरच्या अंतरातही बदलतात. एक खांब कातळावर आणि शेजारचा गाळावर असं झालं की गॅलरी असमान खचते आणि पायऱ्यांच्या सांध्यात तडे जातात. म्हणून प्रत्येक खांबाच्या जागी नसलं तरी दर वीसेक मीटरवर बोअर घेऊन कातळ किती खोल आहे ते बघणं अटळ आहे. हे काम आराखड्याच्या आधी व्हावं, टेंडर काढल्यावर नव्हे. टेंडरनंतर कातळ खोल निघाला की ‘वाढीव काम’ या नावाखाली खर्च फुगतो आणि मग स्वच्छतागृहाचे, दाराचे पैसे कापले जातात.

कामाचा हंगामही अडचणीचा. कोल्हापूरचा फुटबॉल हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. म्हणजे मैदान रिकामं असतं ते नेमकं जून ते सप्टेंबर, जेव्हा भरावाच्या जमिनीत खोदकाम करणं सर्वांत वाईट. खड्ड्यात पाणी भरतं, कडा ढासळतात, पंप लावून काँक्रीट करावं लागतं आणि दर्जा घसरतो. यातून मार्ग आहे, पण तो आधी आखावा लागतो. पावसाळ्यात पायऱ्यांचे तयार भाग दुसरीकडं ओतून ठेवायचे, ऑक्टोबरपासून एकाच बाजूचा पाया घ्यायचा, त्या हंगामात ती बाजू बंद ठेवून उरलेल्या तीन बाजूंची क्षमता कमी जाहीर करायची, आणि पुढच्या वर्षी दुसरी बाजू. चार बाजू, चार हंगाम. एकदम सगळं पाडलं तर एखादा हंगामच बुडतो, आणि पेठेच्या पोरांचं खेळायचं वय थांबत नाही.

तयार पायऱ्या उचलायला क्रेन लागते. बोळातून मोठी क्रेन येत नाही, म्हणून कंत्राटदार ती मैदानाच्या गवतावर उभी करतात. चाळीस-पन्नास टनांच्या यंत्रानं माती इतकी दाबली जाते की नंतर कितीही पाणी मारा, मूळ खाली जात नाही. गवत पिवळं पडतं, पावसाचं पाणी साचतं. करारात क्रेनसाठी लोखंडी पत्र्यांची वाट, काम संपल्यावर माती पोकळ करणं आणि वाळूचा थर देणं या तिन्ही गोष्टी रकमेसकट लिहिलेल्या हव्यात. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर तीन मिलिमीटर वाळूचा थर द्यायला २१ घनमीटरहून जास्त वाळू लागते. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर रोज सुमारे ३५,७०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. शहरात पाण्याची ओरड असताना हे पाणी कुठून येणार? नव्या गॅलरीवर छप्पर येणार असेल तर त्याच्यावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि एक विहीर, हे त्याचं सरळ उत्तर. गवत नको म्हणून कृत्रिम टर्फ टाकायचा विचार इथं पुढं येतोच. आपल्याकडं सामने भर उन्हात होतात. दुपारी असा टर्फ साठ अंशांच्या वर तापतो. घसरून पडलेल्या पोराच्या मांडीची सालटी निघतात, आणि आठ-दहा वर्षांत तो सगळा बदलावा लागतो.

गॅलरी चढवताना दिसण्याचा विचार हवा. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्याची नजर किती वरून जाते, हे मिलिमीटरात मोजतात. नव्वद चांगलं, साठच्या खाली नको. वर जाल तशी पायरी जास्त उंच लागते, आणि उतार ३४ अंशांच्या पुढं गेला की जिना न राहता शिडी होते. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबागच्या कुस्ती मैदानाचा खोलगट वाडगा बघा. कुठंही बसा, कुस्तीचा हौदा दिसतो. हा विचार शंभर वर्षांपूर्वी याच शहरात झाला होता. तो नमुना हाकेच्या अंतरावर असताना, खांबाच्या मागं बसून अर्धा गोल बघायची वेळ येऊ नये.

स्वच्छतागृहांकडं तर आपण बघतच नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. एका मुतारीवर तेवढ्या वेळात बारा-पंधरा जण होतात. दहा हजारांतले चौथाई जरी उठले तरी २,५०० माणसं, म्हणजे दोनशेच्या आसपास जागा लागतात. त्या नसल्या की भिंतीमागचा बोळ वापरला जातो, आणि ती भिंत कुणाच्या तरी स्वयंपाकघराची असते. शेजाऱ्यांचा स्टेडियमवरचा बहुतेक राग इथून सुरू होतो. बायकांसाठी वेगळी, स्वच्छ, उजेडाची सोय नसेल तर त्या मॅचला येणार नाहीत. कोल्हापूरच्या मुली फुटबॉल खेळतात. त्यांच्या आयांनी गॅलरीत बसावं असं वाटत असेल तर आसनांच्या आधी हे बांधा. आवाजाचाही विचार व्हावा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि हंगाम ऐन दहावी-बारावीच्या परीक्षांत असतो. भोंगे गॅलरीच्या कडेला बाहेरच्या बाजूला तोंड करून लावण्यापेक्षा लहान, खाली वळवलेले आणि संख्येनं जास्त लावले तर घोषणा आत नीट ऐकू येते आणि गल्लीत कमी जाते.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. शाहू स्टेडियमवर गॅलरी वाढली तरी खेळ वाढत नाही. एका नैसर्गिक मैदानानं आठवड्याला पंधरा-वीस तास खेळ सोसावा, असं धरतात. रोज दोन मॅच महिनोन्महिने झाल्या की गोलपोस्टसमोरचं गवत जातं आणि तिथं धूळ उरते. खालच्या गटांच्या मॅच, मुलांच्या स्पर्धा, सराव हे सगळं एकाच गवतावर टाकायचं आणि मग चेंडू उसळतो म्हणून पोरांना नावं ठेवायची, हा अन्याय आहे. वाढीसाठी जो पैसा निघेल त्याचा मोठा वाटा दुसऱ्या दोन मैदानांना द्यावा. गांधी मैदान त्यातलं पहिलं. तळ्याची जागा असल्यानं तिथं पाणी साचतं. नुसता मुरूम टाकून ते सुटत नाही, मैदानाखालून दर पाच-सात मीटरवर छिद्रांच्या नळ्या आणि त्या नळ्यांचं पाणी खरोखर वाहून नेणारी बाहेरची गटार लागते. बाहेरची गटार मैदानापेक्षा वर असेल तर आतल्या नळ्यांवरचा खर्च वाया. पंचवीस मिलिमीटरची एक सर पडली तरी पूर्ण आकाराच्या मैदानावर एक लाख ७८ हजार लिटर पाणी पडतं. ते तासाभरात कुठं जाणार, हे आधी समतल मोजून ठरवायचं.

म्हणून आमची मागणी अशी. कुठलीही नवी पायरी ओतण्याआधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (केएसए), महापालिका, पोलीस आणि अग्निशमन दल यांनी मिळून आजच्या शाहू स्टेडियमची बाजूनिहाय सुरक्षित क्षमता काढावी आणि प्रत्येक दारावर रंगवावी. त्या आकड्याएवढीच तिकिटं छापावीत. पुढच्या हंगामाआधी दारं रुंद करावीत, बाहेर उघडणारी करावीत, आणि एका रिकाम्या रविवारी तालमींच्या पाचशे पोरांना गॅलरीत बसवून घड्याळ लावून बाहेर काढून बघावं. नवा आकडा त्या घड्याळावरून यावा. तिकिटामागं ठरावीक रक्कम शेजारच्या गल्ल्यांची सफाई, दिवे आणि गटारी यांसाठी वेगळ्या खात्यात जावी, आणि त्या खात्याचा हिशेब गल्लीतल्या रहिवाशांच्या सहीशिवाय बंद होऊ नये. कातळ किती खोल आहे आणि जुनं काँक्रीट कितपत धडधाकट आहे याचे अहवाल महापालिकेत कुणालाही बघता यावेत. त्यानंतर वास्तुविशारदाला बोलवावं.